हळू आवाजातला प्रश्न

“खटला सोमवारी उभा राहतोय,” वकीलसाहेब टेबलावर ओणवे होऊन मोठ्याने म्हणाले. “मुलावर सुनेच्या खुनाचा आरोप आहे. कळतंय ना, बाई?”

बाईंनी मान डोलावली.

समोरच्या भिंतीवर साहेबांची कारकीर्द चौकटीत टांगलेली होती. बावीस वर्षे खालच्या न्यायालयात खटले, सोळा वर्षे वरच्या न्यायालयात अपिले, शिवाय सुवर्णपदक. बाईंनी ती दोनदा वाचली होती.

साहेबांनी पेनाचे टोपण कानात फिरवले, बाहेर काढून निरखले आणि टीपकागदाला पुसले. मग ते कागद चाळू लागले. सरकारपक्षाची सारी भिस्त एकाच साक्षीदारावर होती. ती शेजारीण. भिंतीपलीकडून तिने सुनेची गयावया ऐकली होती आणि मुलाचा आवाजही. मुलगा म्हणत होता, आपण घरी नव्हतोच. बाई त्या वेळी बाजूच्याच खोलीत होत्या; पण त्यांना ऐकू येत नाही हे साऱ्या गल्लीला ठाऊक असल्याने पोलिसांनी त्यांचा जबाबच घेतला नव्हता.

“बरंच झालं,” साहेब हाताखालच्या तरुण वकीलबाईंना हलक्या आवाजात म्हणाले. “म्हणजे यांची कटकट नाही.”

मग त्यांना रंग चढला. अठरा वर्षांपूर्वी अशीच एक शेजारीण त्यांच्या तावडीत सापडली होती. उलटतपासणीत चष्मा पुसता पुसता त्यांनी आवाज खाली खाली नेला. तिने तीनदा ‘काय?’ असे विचारले. साक्षीदाराला नीट ऐकू येत नाही, असे न्यायाधीशांनी लिहून टाकले. अपिलातही साहेबांनी तेच एक वाक्य लावून धरले. आरोपी सुटला, पुढे त्याने दुसरे लग्नही केले.

“आणि ती खरंच बहिरी होती?” वकीलबाईंनी विचारले.

“छे, चांगली तिखट कानाची होती.” साहेबांचे पोट हसण्याने हलले. “पण निकालपत्रात एकदा लिहिलं की लिहिलं.”

वकीलबाईंनी नजर कागदात घातली.

उठून चालते व्हावे म्हणून बाईंचे पाय चपलांत सरकलेदेखील. मग त्यांनी भिंतीवरची चौकट तिसऱ्यांदा वाचली आणि पिशवीतून वकीलपत्र काढून टेबलावर ठेवले. मुलाची सही त्यांनी आधीच आणली होती.

साहेब खूश झाले. “शहरात इतके वकील,” ते पुन्हा ओरडले, “मग नेमक्या माझ्याकडेच कशा आलात?”

“ओरडू नका, वकीलसाहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “अठरा वर्षांपूर्वी तुमच्यासमोर साक्षीला उभी होते, तेव्हाही माझे कान शाबूत होते. आणि या शेजारणीने जे ऐकलं, ते सगळं मीही ऐकलंय. तिला तीनदा ‘काय?’ म्हणायला लावा.”