एकच हाक

"शालन!"

शिकेकाईच्या जाळीत शिरलेली शालन जागीच थबकली. आवाज थोरल्या जावेचा होता, पण रानात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. माणूस तीनदा हाक मारतं, एकदाच मारतो तो चकवा, हे त्यांच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक. तोंड मिटून ती दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली.

दुसरी हाक आलीच नाही.

आता तिला वेगळाच संशय आला. चुली वेगळ्या झाल्यापासून जाऊबाई तिच्याशी धड बोलत नव्हत्या. आज आपणहून रानात चल म्हणाल्या, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. भेदरवायचं आणि एकटीला टाकून घरी जायचं, हाच बेत! रागाने तिने पाय उचलला, तोच समोरचं झुडूप हललं.

दहा हातांवर पट्टेरी वाघ उभा होता. तिच्याकडे पाठ करून, हाक आली त्या दिशेला कान टवकारून. मग तो तिकडेच निघाला, आणि झाडांवर वानरांचा कालवा उठला.

बऱ्याच वेळाने वानरांचा कालवा थांबला, तशी ती धावली. जाऊबाई जांभळीच्या बेचक्यात खोडाला मिठी मारून बसल्या होत्या. पोटरीतून रक्त ओघळत होतं.

"वाघ म्हणून ओरडायचं तरी!" शालन रडत म्हणाली.

"तो तुझ्याच रोखाने निघालेला. ओरडले असते तर तू पळाली असतीस," जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या. "एकदाच हाक मारली, म्हणजे तू हलणार नाहीस, एवढं ठाऊक होतं मला."