आधी आपल्या मनगटात

बाळंत लेकीसाठी रक्त द्यायला बेळगावला आलेल्या गोंदणाऱ्या तानीबाईला डॉक्टरांनी थांबवलं. "मावशी, तुमच्या रक्तात ऑस्ट्रेलिया अँटिजेन सापडलंय. काविळीची खूण आहे ती. तुम्हाला त्रास नसला, तरी हे रक्त दुसऱ्याच्या अंगात गेलं तर त्याला कावीळ होईल. याआधी कुणाला दिलंय का रक्त?"

"न्हाय बा! कुनालाच न्हाय," तानीबाई ठसक्यात म्हणाली आणि बाहेर आली.

व्हरांड्यात एक पोरगी सुईला भिऊन रडत होती. तानीबाई तिच्यापुढं उकिडवी बसली. चाळीस वर्षं गोंदताना प्रत्येक रडक्या पोरीला म्हणायची, तेच तिच्या तोंडून निघालं, "रडू नगं गं बाय. काय दुखत न्हाय. ही बघ, आधी माझ्याच मनगटात टोचून दाखवते, मग तीच सुई तुझ्या..."

तिनं आपलं मनगट पदराखाली झाकलं आणि उठून ती पुन्हा डॉक्टरांच्या दाराकडं वळली.