इशिताचा मांडलिक राजा

"ऑलिंपिकस? हा कोण आणि?" देवांगने लॅपटॉपवरून मान वर केली.

"मायनर रूलर होता, बाबा. मोठ्या राजाच्या अंडर."

सातवीच्या वर्गात शुक्रवारी अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांचा दरबार भरणार होता. प्रत्येकाला एक राजा व्हायचं होतं.

"म्हणजे मांडलिक! आणि शेजारचा कुश?"

"टॉलेमी."

देवांगचं डोकंच फिरलं. फ्रिस्कोत घर घ्यावं ते शाळेसाठी, मुलीला चार क्लास लावावेत, आणि पदरात काय पडावं, तर मांडलिक! कुशला अख्खं इजिप्त!

"बट बाबा, ही इज..."

"तू थांब. मी बघतो."

तेवढ्यात मीटिंग सुरू झाली. कंपनी तिसऱ्यांदा विकली गेली होती आणि हा नवा साहेब जुन्या दोघांपेक्षा वरचढ होता. ग्रीन कार्डाची रांग हलेपर्यंत नोकरी टिकवणं भाग होतं, नाहीतर गाशा गुंडाळून परत. "येस, शुअर. सॅटर्डेला करतो," देवांग इंग्रजीत गोड आवाजात म्हणाला आणि म्यूट करून पुन्हा उसळला, "जो येईल त्याच्यापुढे मान तुकवणारा! त्याला काय राजा म्हणायचं?"

"जाऊ दे ना यार," त्याची बायको प्रीता वैतागली. "शाळेतला खेळ आहे तो."

पण देवांगने जाऊ दिलं नाही. दोन दिवसांत तीन ईमेल झाले. गुरुवारी तो स्वतः शाळेत जाऊन थडकला. टीचरबाई काही सांगू पाहत होत्या, याने त्यांना बोलूच दिलं नाही. भारतीय मुलांना नेहमी दुय्यम भूमिका, असंही सुनावलं. शेवटी बाई कंटाळल्या. त्यांनी यादीत खाडाखोड केली. इशिता आता अँटिओकस, बादशहा. ऑलिंपिकस दुसऱ्या मुलाला.

देवांगला हायसं वाटलं. कोणीतरी बोलायला हवंच होतं.

"एक सांगू?" बाई म्हणाल्या. "राजे मी वाटले नव्हते. इशिताला सगळ्यात जास्त मार्क होते, म्हणून पहिली निवड तिची होती. सगळे राजे शिल्लक होते."

त्यांनी इशिताचा फॉर्म त्याच्यासमोर ठेवला. 'हाच राजा का?' या प्रश्नाखाली तिने लिहिलं होतं, "याच्यावरचे राजे तीनदा बदलले. हा प्रत्येकाला येस म्हणाला आणि आपली माणसं सांभाळली. माझे बाबा आम्हाला असंच सांभाळतात."