वरची ओळ

हर्षदाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरचं ‘फार्मसी’ तीनदा खोडून पुन्हा लिहिल्यामुळे तिथला कागद पातळ झाला होता. पहिली ओळ मात्र आठवडाभर कोरीच होती. तिला हवं ते तिने अजून कुणाजवळ उच्चारलं नव्हतं.

केळुसकर बाईंची पद्धतच तशी होती. बारावीनंतरच्या प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मूल आणि पालक, दोघांनी आपापली यादी शिसपेन्सिलीने करायची, तीही खालून वर. सगळ्यात नकोसं आधी. एकमेकांचं बघायचं नाही.

बाबांच्या यादीत वर काय असणार, हे तिला ठाऊक होतं. वीस वर्षं ते दुसऱ्याच्या औषधांच्या दुकानात उभे होते. पोरगी फार्मसी शिकली की आपलं दुकान टाकायचं, हे ते गिऱ्हाइकांनाही सांगत.

दोघांना समोर बसवून बाईंनी दोन्ही कागद प्रयोगशाळेच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. बाबांनीही फार्मसी दुसऱ्या क्रमांकावर लिहिली होती.

“अहो, वरची ओळ राहिली तुमची,” बाई म्हणाल्या.

“राहिली नाही बाई, सोडलीय. ती तिची. घरात सगळ्यांना बोलून दमवते, नेमकी एवढ्यावरच मुकी होते.”

हर्षदाला हसू आलं आणि डोळेही भरले. मग ती वडिलांकडे वळली.

“बाबा, मला फार्मसी नको. मला भूशास्त्र शिकायचंय.”