तक्रार नाही

झडप पुन्हा लागली आणि रूळ थांबले.

"आठवी येळ," जयसिंग म्हणाला. "साहेब, ह्या मशीनवर म्हशी उपाशी मरतील, पर माणसाचा हात तुटायचा न्हाई. त्याची ग्यारंटी आपली."

नागसेन हसला नाही. त्याने वहीत आठचा आकडा लिहिला, स्प्रिंग अर्धा फेरा आवळली आणि कडब्याची पुढची पेंढी उचलली.

दौंडला जयसिंगचा ट्रॉल्या आणि नांगर बनवण्याचा कारखाना होता. नागसेन रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर. राहायला कारेगावात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो स्कूटर काढून दौंड गाठायचा. हा नेम तीन वर्षे चुकला नव्हता.

कल्पना मात्र त्याहून जुनी होती. एक्क्याण्णव साली कवठे येमाईत, दुसऱ्याच्या गोठ्यात रोजंदारीवर कडबा कुट्टी करताना, त्याच्या आईच्या, ताईबाईंच्या, उजव्या हाताची चार बोटे पात्याखाली गेली. नागसेन तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने कोणाशी वाद घातला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर कुट्टी यंत्राचे तोंड काढले, आत ओढणारे दोन रूळ काढले आणि रुळांच्या अलीकडे एक लोंबती झडप काढली. चारा खालून सरकेल. हात आला तर झडप ढकलली जाईल आणि रूळ जागीच थांबतील. एवढेच.

पुठ्ठ्याची प्रतिकृती झाली, मग लाकडाची, मग लोखंडाचे दोन नमुने. हा तिसरा. यात नागसेनने रूळ पुन्हा सुरू करण्यासाठी दोन मुठी बसवल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम आवळून ओढल्याशिवाय रूळ फिरत नसत.

"म्हणजे त्या क्षणी माणसाचे दोन्ही हात तोंडाबाहेरच असणार," तो म्हणाला.

जयसिंगने दोन्ही मुठी ओढून पाहिल्या. या वेळी त्याला विनोद सुचला नाही. "लई बारीक इचार केलाय, साहेब."

संध्याकाळपर्यंत चाळीस पेंढ्यांना आठ थांबे होते ते चारावर आले. त्याहून कमी करण्यास नागसेनने नकार दिला. स्प्रिंग आणखी आवळली तर हलका हात जाणवणार नाही. चार वेळा थांबण्याचा त्रास लोकांनी सोसायला हवा.

तिसरा नमुना आईच्या गोठ्यात गेला. तिच्या दोन म्हशी होत्या. नंतर आणखी दहा यंत्रे तयार झाली आणि परिसरातल्या दहा शेतकऱ्यांना सहा महिन्यांच्या चाचणीसाठी दिली गेली. नागसेनने एकच अट घातली. यंत्र नेण्याआधी प्रत्येकाने एक दिवस ताईबाईंकडे बसून ते चालवायला शिकायचे. बोटे गमावलेल्या बाईच्या तोंडून ऐकले म्हणजे माणूस जन्मात विसरणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

दर महिन्याला तो पाहणीला जाई. आधी आईकडे.

"च्या घे आदी," ती म्हणे. "मी गोठा झाडून येते. घाण हाय तिथं, तुझी पँट खराब व्हईल."

चहा संपेपर्यंत ती परत येई. मग दोघे गोठ्यात जात. झडप सरळ लोंबत असे, स्प्रिंग जागेवर असे.

"दिवसातून किती वेळा थांबतं, आई?"

"थांबतंय कुठं? पळतंय. तुझ्यावानीच हाय, घटकाभर एका जागी ठरत न्हाई."

त्या दहा शेतकऱ्यांपैकी सर्जेरावांकडेही तेच. "जरा दम धरा, म्हैस मारकी हाय, बाजूला बांधतो," म्हणत ते पुढे होत आणि मग हाक मारत. "नागसेन, अरं शाळेत मास्तर मारकुटा होता, पर तुझी आई त्याच्या वरताण. दिसभर बशीवलं मला. तिनं दावलं तस्संच चालवतो बघ, काडीचा फरक न्हाई."

"थांबण्याचा त्रास?"

"न्हाई, बा."

नागसेनने वहीत 'थांबे: शून्य' लिहिले. पुढे प्रश्नचिन्ह काढले. पुढच्या महिन्यात दहाही जणांनी शून्यच सांगितले, तेव्हा स्प्रिंग वापराने रुळली असावी असे ठरवून त्याने ते प्रश्नचिन्ह खोडले. सहा महिन्यांत एकाच्याही नखाला इजा झाली नव्हती. शेवटच्या पानावर त्याने 'तक्रार: नाही' लिहून खाली सही केली, आणि जयसिंगने पन्नास यंत्रांचे उत्पादन हाती घेतले.

दसऱ्याच्या दिवशी कारखान्याच्या अंगणात पन्नास हिरवी यंत्रे रांगेत उभी होती. झेंडूच्या माळा चढल्या होत्या. गिऱ्हाइकांचे टेम्पो फाटकाशी लागले होते. नागसेन एकेका यंत्रापाशी वाकून बोटाने झडप ढकलून पाहू लागला. प्रत्येक झडप अचूक लागत होती. वहीतल्या त्या चित्रानंतर नऊ वर्षांनी त्याचा ऊर भरून आला.

सातव्या यंत्रापाशी तो थबकला. तोंडाच्या वरच्या पट्टीला एक वाकवलेला आकडा वेल्डिंग करून बसवला होता. त्याने मागच्या सहांकडे पाहिले. तिथेही होता.

"जयसिंग, हे काय? माझ्या ड्रॉइंगमध्ये नाही हे."

"ह्ये आपल्याकडनं," जयसिंग खुशीत म्हणाला. "लोक झडप वर उचलून सुतळीनं बांधून ठिवत्यात. बरं दिसत न्हाई, साहेब. म्हणलं, आपणच आकडा देऊ. झडप वर करायची, अडकवायची, काम झालं. सारखं दोन मुठी आवळायची कटकट न्हाई. दहाच्या दहा जण म्हणाले, लई सोय झाली."

"दहाही जण बांधतात?" नागसेनने आकड्याला हात लावून पाहिला. "हे यांना सुचवलं कोणी?"

जयसिंग चकित झाला.

"सुचवलं कोणी म्हंजी? समद्यांना तुमच्या आईकडं शिकाया तुमीच धाडलंत न्हवं?"