चार घास

"आजी, या बाटलीतले बुडबुडे थांबले की लगेच हाक मारायची, मी कुठंही असले तरी." ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावलेल्या पाण्याच्या बाटलीवर बोट ठेवून हेमलता सिस्टरनं बजावलं. राखणीला नातेवाइकांना बसवणं तिला मुळीच पटत नव्हतं. पण जोडीच्या नर्सला आजही दुसरीकडे पाठवलं होतं आणि भरलेल्या वॉर्डात ती एकटी होती. आजींनी नवऱ्याचा हात न सोडता मान हलवली.

मध्ये एकदा सिलिंडर संपला, तेव्हा आजींनी अशी काही हाक दिली की अख्खा वॉर्ड दचकला. सिस्टरनं धावत येऊन नवा जोडला.

दुपार कलली तेव्हा कुठं ती टेबलाशी टेकली. डब्यातली पोळी गार होऊन वातड झाली होती, तरी तिनं चवीनं खाल्ली. नवल म्हणजे कुणीच हाक मारली नाही. कितीतरी दिवसांनी तिचं जेवण असं निवांत झालं.

तोंड पुसत ती आजोबांच्या खाटेशी आली. बाटलीतलं पाणी अगदी शांत होतं. तिनं मनगट धरलं, मग गळ्याशी बोटं टेकवली. नाडी लागत नव्हती.

"आजी, हाक का नाही मारली?" तिचा आवाज चिरकला.

"मारणारच व्हते गं. पर तू सकाळधरनं उपाशी, त्यात नुकताच डबा उघडलेला. म्हनलं, लेकराला चार घास खाऊ द्यावं." आजींनी नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "यांचा बी आत्ताच डोळा लागलाय. जेवलीस ना पोटभर? मग लाव आता दुसरा."