सुभेदारांचा प्रचार

“निवडणूक कशाला, सुभेदारसाहेब? तुम्हीच व्हा की नायक,” ठाण्यावरून आलेले फौजदार म्हणाले.

चावडीपुढं बसलेल्यांनी माना हलवल्या. बोरमाळेत वर्षभरात तीन चोऱ्या झाल्या होत्या आणि पोलीस ठाणं पडलं चौदा मैलांवर. म्हणून गावात ग्रामरक्षक दल उभारायचं ठरलं होतं. नायकाच्या हाताखाली वीस गडी राहणार, त्याच्या निरोपावर पोलीस येणार. लालासाहेब सुभेदारांनी एकवीस वर्षं फौजेत काढलेली, दोन लढाया पाहिलेल्या. दुसरं नाव कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

लालासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं.

“दिलेला मान मला नको. गावानं मत टाकावं. आन् समोर कुणीतरी उभा पायजे. एकट्यानं पळून पहिला आलो म्हणायला मी काय शाळकरी पोर हाय?”

समोर उभं राहायला कुणी उठेना. सुभेदारांच्या तोंडाला कोण लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच माळावरच्या धनगरवस्तीवर गेले. अर्जुना मेंढरांना पाणी पाजत होता. चाळिशीचा गडी, बोलणं मोजकं. गेल्या साली गावातल्या नानासोची बैलजोडी चोरीला गेली, तेव्हा ओढ्याच्या चिखलातले खूर बघून यानंच सांगितलं होतं, की बैल सीमेपलीकडच्या बाजाराला निघालेत. जोडी तिथंच सापडली. पण चावडीवर लोक म्हणाले, “चोराची वाट चोरालाच ठावी.” तेव्हापासून गावात काही हरवलं की माणसं आधी वस्तीवरच्या झोपड्या धुंडाळायची.

“अर्जुना, तू माझ्यासमोर उभा ऱ्हा,” लालासाहेब म्हणाले.

“मी? आवं, मला कोण मत देतंय?”

“देईनात का. निवडणुकीला दोघं लागत्यात.”

“गाव हसंल, सुभेदार.”

“हसू दे. उभा ऱ्हातूस का भितूस?”

अर्जुनाची मान ताठ झाली. “ऱ्हातो,” तो म्हणाला.

त्याच दिवसापासून लालासाहेबांचा प्रचार सुरू झाला. इस्त्रीचा खाकी कोट, छातीवर पदकं, हातात छडी. एक घर त्यांनी सोडलं नाही.

हंबीररावच्या दारात ते म्हणाले, “मी नायक झालो की गस्तीचे गडी पहाटे पाचला कवायतीला येतील. तुझी दोन्ही पोरंबी. उशीर झाला तर ओढ्यापर्यंत पळायचं.”

हंबीररावनं आणलेला चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला. “आन् तुझा बांध शेजाऱ्याच्या रानात दोन हात सरकलाय. त्योबी बघणार हाय.”

बयाबाईला त्यांनी ऐकवलं, की तिचा नवरा देवळामागं पत्ते कुटतो आणि तो पहिल्याच दिवशी ठाण्यात जाईल. तालमीतल्या पोरांना सांगितलं, की गस्तीवर विडी ओढली तर महिनाभर झाडलोट करावी लागेल.

“आवं, मतं मागायला जाताय का भांडायला?” बायको मनुबाई एकदा म्हणाली.

“मी खोटं बोलून मतं मागणार न्हाई. जसा हाय तसा हाय.”

अर्जुना कुणाच्या दारात गेला नाही. वस्तीवरच राहिला.

आठव्या दिवशी लालासाहेबांनी चावडीवर भाषण केलं. “समोरच्या माणसाला येतंय काय? खूर वळखतो. जनावर गेलं तर हुडकून आणंल. रातभर माळावर जागा ऱ्हाईल. बास. गावाला शिस्त लावणं त्याच्याच्यानं हुणार न्हाई.”

मागं बसलेला नानासो शेजाऱ्याला हळूच म्हणाला, “गड्या, मला तर बैलंच पायजे हुती.”

मतदानाला शाळेच्या खोलीत दोन मडकी ठेवली. एकावर चुन्याची रेघ, ते सुभेदारांचं. दुसऱ्यावर तांबड्या कावेची, ते अर्जुनाचं. बाई असो वा गडी, प्रत्येकानं एकट्यानं आत जायचं आणि मक्याचा एक दाणा टाकायचा. दुपारपर्यंत सगळा गाव आत जाऊन आला. वस्तीवरची माणसं एका रांगेत आली. त्यांच्यात पुढं होती अर्जुनाची म्हातारी आई, हरणाबाई.

फौजदारांनी दाणे दोनदा मोजले.

“लालासाहेब, अठ्ठावन्न. अर्जुना, एकशे एकोणचाळीस.”

अंगणातल्या माना वळल्या. सगळ्यांचे डोळे सुभेदारांकडं. ते उठले, कोट खाली ओढून नीट केला, चार पावलं चालून अर्जुनासमोर थांबले आणि टाचा जुळवून त्यांनी त्याला कडक सलाम ठोकला. अर्जुनाला काय करावं कळेना. त्यानं पटका सारखा केला आणि तसाच, हात जरा वाकडा ठेवून, सलाम परत केला.

“मान कुणी दिला न्हाई त्याला,” हरणाबाई शेजारच्या बाईला म्हणाली. “सुभेदाराला पाडून घेतलाय माझ्या ल्योकानं.” ती हे मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. एरवी गावाबाहेरून जाणारी वस्तीची माणसं आज गावाच्या मधल्या रस्त्यानं परत गेली. पुढं अर्जुना, त्याच्या मागं दलात नाव दिलेले वीस गडी. त्यांत हंबीररावची दोन्ही पोरं होती.

लालासाहेब घरी आले. कोट खुंटीला अडकवून जेवायला बसले. मनुबाईनं भाकरी वाढली आणि चुलीतली लाकडं मागं ओढली.

“एक सांगू का?” ती म्हणाली. “रागवू नगा. तुमचा ह्यो तोरा बघून मलाबी वीट आला हुता. मी माझा दाणा अर्जुनाच्या मडक्यात टाकला.”

लालासाहेबांनी हातातला घास सावकाश संपवला.

“बरं केलंस,” ते म्हणाले. “बाकीच्यांची मतं त्याला मिळवून द्यायला मला दारोदार फिरावं लागलं. तुझं घरबसल्या मिळालं.”